फोन आजींना द्या

ज्या वर्षी आमच्या हर्षालीचं लग्न झालं, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, दिवाळी सरल्यावर माझी पित्ताची पिशवी काढली. हर्षाली माझी नात, माझ्या मुलाची, रणधीरची थोरली लेक. तिच्या लग्नातच माझं पोट पहिल्यांदा उठलं होतं. बाहेर हळद लागत होती आणि मी आतल्या खोलीत उजव्या बरगडीखाली मूठ दाबून बसले होते. लग्नघरात म्हातारीचं कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला होता. पुढं पाच-सहा महिने गोळ्यांवर काढले. मग धाराशिवच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, तर पिशवी खड्यांनी भरलेली.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी ते खडे एका लहान बाटलीत घालून मालकांच्या हातात दिले. मालकांनी बाटली घरी आणली आणि टीव्हीशेजारी, हर्षालीच्या लग्नाच्या फोटोपुढं ठेवली. आमच्याकडं तसंच करतात. भेटायला येणारा माणूस शहाळं खाली ठेवायचा, आधी बाटलीकडं बघायचा आणि मग माझ्याकडं.

"बघा की, हरभऱ्यायवढा एक-एक हाय," मालक बाटली हलवून सांगायचे. "एवढं घेऊन भाकरी थापत हुती ही."

मालकांचं नाव तात्याराव. तोंडानं ते नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. लिहिताना घेता येतं. लिहायला मी साठी उलटल्यावर शिकले. सून सोनाली दुपारच्या वेळी ताटात पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढायची आणि मी ती गिरवायची.

आम्हाला दवाखाना सुचवला शरणप्पानं. त्याचं येरमाळ्याला हमरस्त्यावर चहाचं हॉटेल आहे, घर आमच्या शेजारी. त्याचंही हेच ऑपरेशन त्याच दवाखान्यात आदल्या वर्षी झालेलं. तो ज्याला त्याला सांगायचा, "घाबरायचं काय काम न्हाय. चार बारकी भोकं पाडत्यात. म्या तर आठवड्यात गल्ल्यावर बसलो. ए-वन काम!" त्याच्या एकट्याच्या शब्दावर गावातले आणखी दोघं-तिघं तिथं गेले होते.

माझ्याही जखमा लवकर सुकल्या. बरगडीखालची कळ गेली ती गेलीच. सगळ्यांनी मला बरी धरली. मीही धरली असती, पण जेवणानंतर पोटात गरम पाण्याची कळशी लवंडावी तसं व्हायला लागलं. उठून परसाकडं जाईपर्यंतसुद्धा दम निघायचा नाही. आधी वाटलं, औषधांची उष्णता असेल, जाईल. पण औषधं संपली तरी हे गेलं नाही. सकाळी भाकरी खाल्ली की तेच, दुपारी कालवण खाल्लं की तेच.

संक्रांतीला खालच्या आळीत वाण लुटायला गेले. तिथं तिळाच्या पोळीवर तुपाची धार घालून दिली. नको म्हणता येईना, सणाचं नको कसं म्हणायचं? दोन घास खाल्ले आणि निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जनावरांना पाणी पाजायचा हौद आहे. तिथपर्यंत आले आणि थांबलं नाही. नवं लुगडं नेसले होते. मागून बायका हसत-बोलत येत होत्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हौदाच्या काठावर पाय घसरल्यासारखं केलं आणि पाण्यात बसले.

"अगं बया, धुरपताबाई पडली!" बायका धावल्या. "लागलं का?"

"न्हाय, न्हाय. शेवाळ हाय इथं."

सगळ्यांनी धरून मला घरी आणलं. गारठ्यात मी ओली चिंब, दात वाजत होते. सोनाली गरम पाणी देत म्हणाली, "आत्या, हौदाला शेवाळ कुठंय? कालच धुतलाय की."

मी तांब्यानं अंगावर पाणी ओतून घेतलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मागच्या दगडावर साबणाची वेगळी वडी दिसायला लागली. माझी लुगडी मी सगळ्यांच्या आधी उठून धूत होते, ते तिनं पाहिलं असणार. मला तिच्याकडं वर बघायची लाज वाटायची. जी मला 'क' शिकवत होती, तिनं माझं हे बघावं!

दवाखान्यातून फोन यायचे. पहिला फोन ऑपरेशनला महिना झाल्यावर आला होता. भरतीच्या वेळी नंबर मालकांचा लिहिला होता, म्हणून फोन मालकांच्या हातात. ते ओसरीवर आवाज मोठा करून बोलतात, म्हणजे पलीकडचं माणूस सगळ्यांना ऐकू जातं.

"आजोबा, मी प्रीती बोलतेय, दवाखान्यातून. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला आम्ही फोन करतो. आमचं काम कसं झालं ते पेशंटच्या तब्येतीवरनं मोजतो. फोन आजींना द्याल का?"

"ती काय सांगणार बाई? तिला न्हाय बोलायला जमायचं. मी हाय की. विचार."

"ताप येतो का?"

"न्हाय."

"डोळे, लघवी पिवळी?"

"न्हाय."

"पोट दुखतं?"

"आजिबात न्हाय."

"संडासला कसं होतंय?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "साफ! एकदम साफ होतंय."

मी चार हातांवर तूर निवडत बसले होते. सुपात मान घातली.

"रोजचं काम करतात का?"

"आगं, आठव्या दिवशी चुलीपुढं बसली. आता श्येळ्यांचं बी बघती. लई झकास काम केलं तुमच्या डॉक्टरनं. बाटली ठिवलीय आमी टीव्हीपशी."

पोरगी हसली. पुढच्या फोनलाही असंच झालं, तेव्हा तर शरणप्पाही बसला होता आणि त्यानं मध्येच तोंड घालून स्वतःचंही 'ए-वन' सांगून टाकलं. दवाखान्यात आम्हा दोघांच्या नावापुढं चांगलंच लिहिलं गेलं असणार. मालक खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. खडे निघाले, टाके सुकले, बाई कामाला लागली. त्यांच्या लेखी बरं होणं म्हणजे एवढंच, आणि तेवढं तर झालंच होतं.

मी जिथं जेवावं लागेल तिथं जाणं बंद केलं. पुढं जेवण नसलं तरी जाणं बंद केलं. कुणाचं बारसं, कुणाचं जावळ, काही ना काही कारण काढायचं. बायका म्हणायला लागल्या, नातीचं लग्न मोठ्या घरी झाल्यापासून धुरपताबाई गर्वाला चढली.

ते मी ऐकून घेतलं असतं. पण महाशिवरात्रीच्या सुमारास लोहाऱ्याहून फोन आला. माझी थोरली बहीण कडूबाई तिथं असते. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावं अंग लुळं पडलं, अंथरुणातच सगळं. आम्ही दोघीच बहिणी. आई लवकर गेली तेव्हा मी रांगत होते. अक्कानंच मला कडेवर वाढवलं. तिचा मुलगा अमृत फोनवर म्हणाला, "मावशी, आई सारखं तुमचंच नाव घेती. येऊन जा."

"येते की. दोन दिवसांत येते."

येरमाळ्याहून लोहाऱ्याला जायचं म्हणजे आधी एसटीनं धाराशिव, तिथं गाडी बदलायची, मग पुढं. अर्धा दिवस जातो. आदल्या दुपारपासून मी जेवले नाही. सकाळी नुसता घोटभर चहा घेतला, आणि तोच नडला. रणधीरनं गाडीत बसवून दिलं, पिशवीत एक जास्तीचं लुगडं होतं. येडशी मागं पडली, रामलिंगची झाडी दिसायला लागली आणि पोटात कळशी लवंडली.

मी उठले. "मास्तर, गाडी थांबवा."

"आजी, इथं स्टॉप न्हाय. धाराशिव आलंच की."

"थांबवा ओ."

"मळमळतंय का? खिडकीतनं तोंड बाहेर काढा."

"थांबवा म्हणते न्हवं!"

मागून एक पोरगा हसला, "मास्तर, थांबवा, न्हायतर आजी उडी मारत्यात." गाडीत हशा पिकला. गाडी थांबली. पण तोवर उशीर झाला होता. मी पदर मागं ओढून, भिंतीला घासत चालावं तशी आडवी-आडवी चालत दारापर्यंत गेले. माझ्या जागेशेजारी बसलेल्या बाईनं नाकाला रुमाल लावला. ते मी पाहिलं. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"या लवकर, थांबतो आमी," कंडक्टर म्हणाला. तो भला माणूस होता.

"जावा तुमी."

गाडी गेली. झाडीत जाऊन मी लुगडं बदललं, जुनं तिथंच पाल्याखाली टाकलं आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिले. देवळाकडं जाणाऱ्या लोकांनी विचारलं, तर म्हटलं, गाडीची वाट बघतेय. मग परतीच्या जीपला हात केला आणि पुढं ड्रायव्हरशेजारी, कुणाच्या अंगाला लागू नये अशी, दाराला चिकटून बसून घरी आले.

घरी सांगितलं, चक्कर आली. मालक म्हणाले, "तुला एकलीला पाठवायला नको हुतं. पेरण्या झाल्यावर मीच घेऊन जातो." पेरण्या म्हणजे अजून चार महिने.

अक्काला फोनवर काय सांगू? आदल्या दिवशी शेळ्या व्यायल्यात म्हणून टाळलं होतं. तिची जीभ जड झाली होती, पण बोलणं सुटलं नव्हतं.

"येते म्हणलीस की."

"अक्का, चक्कर येती मला गाडीत."

"काल श्येळ्या, आज चक्कर. उद्या काय, पावणे?"

"न्हाय गं."

मग म्हणाली, "धुरपे, खरं सांग. माझा वास सोसायचा न्हाय, म्हणून येत न्हाईस व्हय? अमृतची बायको बी नाक दाबूनच येती आत. तुझं म्या वाईट वाटून घेणार न्हाय. पण खरं सांग."

मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर रडले असते, आणि मालक ओसरीवर बसले होते. ज्या लाजेनं मी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं, तीच लाज माझी बहीण तिकडं भोगत होती, आणि तिची किळस वाटून मी येत नाही असं ती समजून बसली होती. असे किती दिवस तिनं भिंतीकडं बघत काढले असतील!

वैशाखात मालकांचा फोन शेळ्यांच्या पाण्यात पडला आणि कळंबला दुरुस्तीला गेला. म्हणून दवाखान्याचा पुढचा निरोप सोनालीच्या फोनवर आला, तोही लिहून. सहा महिने झाले होते. फोन लागत नाही, म्हणून प्रश्न पाठवत आहोत, उत्तरं लिहून पाठवली तरी चालतील, असं त्यात होतं.

सोनालीनं तो वाचून दाखवला. मग फोन माझ्या मांडीवर ठेवला. "आत्या, मराठीतच हायेत. तुमचे तुमीच भरा." आणि भांडी घेऊन मागं निघून गेली. लगेच नळ सोडल्याचा आवाज आला. भांडी तर दोनच होती.

मी चष्मा लावला. ताप येतो का, नाही. पोट दुखते का, नाही. मालक ज्याला 'साफ' म्हणाले होते तोही प्रश्न होता, तिथं मी थांबले आणि सोडून पुढं गेले. पुढं लिहिलं होतं: ऑपरेशनच्या आधी तुम्ही जिथे जात होता, म्हणजे नातेवाइकांकडे, बाजाराला, देवाला, तिथे आता जाता का?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, रणधीरनं नाही, बाटली बघायला आलेल्या एकाही माणसानं नाही. मी 'नाही' वर बोट ठेवलं. खाली जागा आली: कारण लिहा.

एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटायचं. बोलायचं असतं तर जीभ अडली असती, पण तिथं समोर कुणाचं तोंड नव्हतं. लिहिलं: जेवले की लगेच जावे लागते. थांबत नाही. दोन वेळा लुगडे खराब झाले. एकदा एसटीत. माझी बहीण आजारी आहे, तिला भेटता येत नाही.

पाठवलं आणि लगेच घाम फुटला. मागं जाऊन सोनालीला विचारलं, "पाठवलेलं परत घेता येतं का गं?"

"येतं की. काय चुकलं का?"

मला 'व्हय' म्हणवेना. "न्हाय," म्हणाले आणि घरात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन दुरुस्त होऊन आला, आणि आल्या-आल्या वाजला. ओसरीवर मालक, रणधीर आणि चहाचा कप घेऊन शरणप्पा. मी दारात उभी.

"आजोबा, प्रीती बोलतेय. फोन आजींना द्या."

"बोल की, ती हितंच हाय. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठिवलाय."

मला चांगलं ऐकू येतं.

"आजी, तुम्ही काल लिहून पाठवलंत ना, जेवलं की लगेच संडासला जावं लागतं, थांबत नाही, एसटीत लुगडं खराब झालं, ते कधीपासून होतंय?"

शरणप्पाचा कप ओठाशीच राहिला. रणधीर जमिनीकडं बघायला लागला. मालकांनी आवाज बंद करायला बटण दाबलं, ते भलतंच दाबलं गेलं आणि आवाज आणखी वाढला.

"आजी, ऐकू येतंय का? यात लाजायचं काही नाही. डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. यावर औषध आहे. आधीच्या फोनवर तर आमच्याकडं 'साफ' असं—"

मी तिथून निघाले ती शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. रणधीर ऐकत होता, माझ्या पोटचा मुलगा. शरणप्पा ऐकत होता, म्हणजे दुपारपर्यंत हमरस्त्यावरच्या सगळ्या टपऱ्यांना कळणार होतं.

बऱ्याच वेळानं मालक आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमीच सांगितलं की तिला. साफ होतंय म्हणून."

एक शेळी त्यांचं धोतर चघळायला लागली, तीही त्यांनी हाकलली नाही.

"मला काय ठावं? तू रोज उठून कामाला लागत हुतीस."

"मग काय करू? निजून राहू?"

"हौदात पडलीस, ते..."

"व्हय."

त्यांनी डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. मग निघून गेले. दुसऱ्या दिवशी उठून बघते, तर संडासातली बादली कुणीतरी काठोकाठ भरून ठेवली होती. सोनालीला विचारलं, ती म्हणाली, "म्या न्हाय. मामांनी भरली." आणि टीव्हीशेजारची बाटली तिथं नव्हती. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

रणधीरनं मला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी गेले. त्यानं वाटेत रामलिंगच्या झाडीपाशी न विचारता गाडी उभी केली आणि पाठ फिरवून तंबाखू मळत बसला. मी म्हटलं, "गरज न्हाय, चल." तेव्हा त्यानं गाडी चालू केली. त्याचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी रक्त, संडास तपासलं आणि समजावलं. पिशवी असते तोवर पित्त तिच्यात साठतं, लागेल तसं खाली येतं. पिशवी गेली की ते सारखंच उतरतं. पुष्कळांचं आतडं ते निभावून नेतं, काहींचं नेत नाही. मग ते म्हणाले, "आजी, एक विचारू? पहिल्या महिन्यातच का नाही सांगितलं?"

मी खाली बघत होते. रणधीरच म्हणाला, "साहेब, फोन आमच्या वडलांकडं असतो."

डॉक्टरांनी समोरच्या यंत्रात काहीतरी वाचलं. "तुमच्या भागातल्या सगळ्या बायकांचे नंबर घरातल्या पुरुषांचेच आहेत," ते हळू म्हणाले, "आणि सगळ्यांचं उत्तर चांगलं. आम्ही त्यावर खूश होतो." त्यांनाही तेव्हा आमच्याकडं नीट बघवेना.

एक भुकटी दिली, पाण्यात कालवून जेवणाआधी प्यायची. मातकट लागते, दातांत अडकते. तेल-तूप कमी करायला सांगितलं. आठवडाभरात फरक पडला. एके दिवशी दुपारी जेवून मी अंगणात नुसती बसले. काही झालं नाही. सोनाली दोनदा दारात येऊन बघून गेली.

शरणप्पा मात्र गावात एक शब्द बोलला नव्हता. मला नवलच वाटलं. मग तो एका सकाळी, मालक शेतात गेलेले बघून, परसदारानं आला.

"वहिनी, त्या भुकटीची एखादी रिकामी पुडी हाय का?"

"कशाला ओ भाऊजी?"

"कळंबचा एक जण हाय वळखीचा. त्याला बी तसाच... तरास हाय म्हणं."

मी पुडी दिली. त्यानं ती घडी करून वरच्या खिशात ठेवली, बाहेरून दोनदा चाचपली. तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, दीड-दोन वर्षांत कुठल्याही लग्नात हा माणूस पंगतीला बसला नव्हता. सोमवार आहे, गुरुवार आहे, एकादशी आहे म्हणायचा. आम्ही त्याला मोठा धार्मिक समजत होतो.

मृगाच्या पेरण्यांची मी वाट बघितली नाही. लोहाऱ्याला निघाले तेव्हा मालकांनी आपला फोन माझ्या पिशवीत घातला.

"तुमाला लागंल की."

"मला कोण करतंय फोन? त्या पोरीचा आला तर तूच बोल."

अक्का खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी आत गेले तरी वळली नाही. वास होता, खोटं कशाला सांगू.

"आलीस व्हय," ती भिंतीलाच म्हणाली. "चक्कर गेली वाटतं."

मी खाटेवर तिच्याजवळ बसले आणि दार लोटून घेऊन सगळं सांगितलं. हौदाचं सांगितलं, एसटीचं सांगितलं, ओसरीवरच्या फोनचं सांगितलं. बोलताना माझी मान खालीच होती. एकाएकी खाट हलायला लागली. मला वाटलं रडतेय. बघते तर अर्ध्या तोंडानं हसत होती.

"हौदात बसलीस?"

"व्हय."

"नवं लुगडं नेसून?"

"व्हय गं अक्का."

"येडी ती येडी. मला फोन करून सांगितलं असतंस तर तवाच हसले असते की. इथं निजून-निजून हसायला काय बी न्हाय." मग हसू थांबलं आणि डोळे भरले. "म्या तुला काय-काय बोलले मनातल्या मनात."

तिचं अंथरूण ओलं झालं होतं, ते ती लपवत होती. उजव्या हातानं चादर घट्ट धरून ठेवली होती. मी ती बोटं एक-एक करून सोडवली. अमृतच्या बायकोकडून गरम पाणी मागून घेतलं, तिला धुतलं, कोरडं नेसवलं. धुताना तिनं डोळे मिटून घेतले होते. मला ते मिटणं ओळखीचं होतं, म्हणून मी काही समजूत घातली नाही, नुसतं भरभर हात चालवला.

मी तिथंच राहिले. आषाढात प्रीतीचा फोन आला. या वेळी फोन माझ्याच हातात होता.

"आजी, औषधानं कसं वाटतंय? आता जाता का कुठं बाहेर?"

"आलेय की बाई. लोहाऱ्याला हाय, बहिणीकडं."

"मग चांगलं लिहू?"

मी अक्काकडं पाहिलं. महाशिवरात्रीला येणार होते, ती ज्येष्ठात आले होते. "आता चांगलं लिही," मी म्हणाले. "आदलं जे लिहिलंय ते बी खोडू नको. तसंच राहू दे."

पंचमीला अमृतच्या बायकोनं आम्हा दोघींना बांगड्या भरल्या. अक्काचा लुळा हात मी धरला होता. बाहेर पोरी झोका खेळत होत्या, त्यांची गाणी आत ऐकू येत होती. तिनं दूध-लाह्या दोन चमचे खाल्ल्या आणि मला म्हणाली, "तू बी खा, इथं काय लाजायचं न्हाय." मी खाल्ल्या.

माझी बहीण कडूबाई नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, तीस जुलै दोन हजार पंचवीसला, सकाळी लोहाऱ्यात वारली.